जाऊबाईंनी बिघडवलेला शब्द

पत्र:

आमच्याकडे येणारे पाहुणे ‘बराय, निघतो आता’ म्हणतात, चपला पायात सरकवतात आणि मग दारातच उभं राहून अर्धा तास बोलत बसतात. सोफ्यावर जे बोलणं झालेलं नसतं ते सगळं तिथं निघतं. मुलीचं स्थळ, वाटणीचा वाद, डॉक्टरांनी सांगितलेलं खरं दुखणं. या गप्पांना मराठीत नाव नाही, म्हणून मी एक केलं: उंबरगप्पा. गेली सात-आठ वर्षं आमच्या घरात हा शब्द चालतो. माझं वय आता ६४. एकदा तरी तो शब्दकोशात छापलेला बघावा अशी इच्छा आहे. कोशाचं काम करणाऱ्या एका संस्थेला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. यासाठी अर्ज कुठं करायचा? कोणाची ओळख लागते का? शब्दापुढे माझं नाव येईल का? आणि कोणी ढापू नये म्हणून आधी नोंदणी करून ठेवावी का? आणखी एक तक्रार. माझ्या धाकट्या जावेनं परस्पर ‘उंबरगप्पिष्ट’ असा शब्द काढलाय, तोही माझ्या यजमानांना उद्देशून. पोरं तर नुसतं ‘उंबऱ्या मारतायत’ म्हणतात. मूळ शब्दाची अशी मोडतोड झाली तर कोशात काय जाणार?

– एक वाचक, मिरज

उत्तर:

ताई, शब्द फर्मास आहे. पत्र वाचल्यावर घरात मोठ्यानं म्हणून पाहिला, कोणालाही अर्थ सांगावा लागला नाही. ऐकताक्षणी दार डोळ्यांसमोर येतं, दारात एक पाय आत एक बाहेर असा उभा असलेला माणूसही येतो. नव्या शब्दाला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

अर्जाचं आधी उरकून टाकतो. कोशात शब्द घालण्यासाठी अर्ज नसतो. तुमच्यासारखाच प्रश्न २०१६ साली इटलीत एका आठ वर्षांच्या मुलानं विचारला होता. फेराराजवळच्या एका शाळेत तिसरीत शिकणारा मुलगा. फुलाचं वर्णन करताना त्यानं ‘पेतालोझो’ असं विशेषण लिहिलं, म्हणजे पाकळ्यांनी भरलेलं. बाईंनी चूक दिली, पण चूक गोड आहे असंही सांगितलं आणि दोघांनी मिळून तो शब्द थेट फ्लोरेन्सच्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या संस्थेला कळवला. ही संस्था १५८३ सालची. तिनं १६१२ मध्ये इटालियन भाषेचा कोश काढला. एवढी जुनी, दरारा असलेली संस्था तिसरीतल्या पोराला काय उत्तर देणार? पण दिलं. शब्द बनलाय अगदी नियमात, असं त्यांनी लिहिलं. पण कोशात जायचं तर तो ज्यानं बनवला त्यानंच वापरून भागत नाही, पुष्कळ लोकांनी तो वापरायला हवा आणि पुष्कळ लोकांना तो समजायला हवा. पुढे हे पत्र देशभर गाजलं, पंतप्रधानांनीही पोराचं कौतुक केलं. गंमत म्हणजे मग कोणीतरी शोधून काढलं की १७व्या शतकातल्या लिखाणात हा शब्द एकदा येऊन गेला होता! तेव्हा तुमच्याआधी कोणी कऱ्हाडात किंवा कारंज्यात ‘उंबरगप्पा’ म्हटलंच नसेल अशी पैज लावू नका. म्हटलं असेल तर उलट बरंच आहे. दोन घरांना एकमेकांच्या नकळत एकच शब्द सुचला, तर त्याची गरज होती हे आपोआप सिद्ध होतं.

कोशकार हा शिरगणती करणारा माणूस. घरात कोण राहतं ते तो विचारून लिहून घेतो, पाळणा हलवायला येत नाही. आणि विचारतो म्हणजे तोंडी विचारून सोडत नाही, पुरावा मागतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ साली लोकांना आवाहन केलं, तेव्हा ‘तुम्हाला माहीत असलेले शब्द पाठवा’ असं म्हटलं नव्हतं. पुस्तकं वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, खाली पुस्तकाचं नाव, साल, पान लिहा आणि ती चिठ्ठी पाठवा, असं ते आवाहन होतं. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड उघडून बघा. मिरजेच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात असतील, बहुधा वरच्या फळीवर. शब्दापुढे पु., स्त्री., न. अशी लिंगाची खूण, मग अर्थ, आणि पुष्कळ ठिकाणी अर्थापाठोपाठ एखादी ओवी किंवा वाक्य, शेवटी ‘ज्ञा’, ‘दा’, ‘एभा’ अशी आखूड अक्षरं. ज्ञानेश्वरी, दासबोध, एकनाथी भागवत. शब्दानं आपली ओळख पटवायला आणलेले हे साक्षीदार.

तुमच्या त्या दोन पत्रांत काय होतं? शब्द, अर्थ आणि तुमचं नाव. कोशकाराला यातलं काही फारसं उपयोगी नाही. त्याला लागतं तुमच्याशी नात्यानं वा ओळखीनं न बांधलेल्या कोणाचं तरी वाक्य, ज्यात हा शब्द सहज येऊन गेलाय. इंग्रजी विक्शनरी या इंटरनेटवरच्या कोशाचा नियम तर आकड्यात आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन ठिकाणी, टिकून राहील अशा छापील वा तत्सम लिखाणात, आणि तीही किमान वर्षभराच्या अंतरात पसरलेली. पत्राला उत्तर न देणं वाईटच, त्याचं समर्थन करत नाही. पण उत्तर आलं असतं तरी ते फ्लोरेन्सहून आलं तसंच असतं.

आता वशिल्याचं. वशिल्यानं, म्हणजे कोणीही वापरत नसताना, शब्द कोशात गेल्याची उदाहरणं आहेत! दोन सांगतो.

अमेरिकेत वेबस्टरचा जाडजूड कोश १९३४ साली निघाला. त्यात ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला होता, अर्थ घनता. असा शब्द इंग्रजीत कधीच नव्हता. झालं होतं असं की रसायनशास्त्राच्या संपादकानं १९३१च्या जुलैत एक चिठ्ठी पाठवली: घनतेसाठी संक्षेप म्हणून मोठा किंवा लहान ‘डी’ चालेल. इंग्रजीत ‘किंवा’ला ‘ऑर’. म्हणजे चिठ्ठीवर डी, ऑर, डी. त्या कचेरीत मुख्य शब्द अक्षरं सुटी सुटी ठेवून टंकायची पद्धत होती, त्यामुळे पुढच्या माणसाला ही तीन पदं एकाच शब्दाची सुटी अक्षरं वाटली. त्यानं ती जुळवली आणि चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यातून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. उच्चार देणाऱ्यानं उच्चार दिला, मुद्रितं तपासणाऱ्यांनी तपासली, सगळं रीतसर. १९३९च्या फेब्रुवारीत एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, आणि मग भांडं फुटलं. तरी छापील प्रतींतून तो जायला आणखी काही वर्षं लागली. आता बघा, एवढ्या प्रतिष्ठित कोशात इतकी वर्षं ऐटीत बसून या शब्दाला काय मिळालं? तो कोणी वापरला नाही. आज त्याचं नाव निघतं ते फक्त फजितीचं उदाहरण म्हणून.

दुसरा तर जाणूनबुजून पेरलेला. ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’त एका संपादिकेनं ‘एस्क्विव्हेलियन्स’ असा शब्द रचून ठेवला. अर्थ: नेमून दिलेलं काम जाणूनबुजून टाळणं. कोणी आपला कोश जसाच्या तसा उचलला तर हा शब्दही उचलला जाईल आणि चोर सापडेल, असा हिशोब. २००५ साली हे गुपित बाहेर आलं. (या गोष्टीसाठी नवा शब्द करावा लागणाऱ्या लोकांची मला कीव येते. आपल्याकडे कामचुकारपणा केव्हाचा रुळलेला आहे, शब्दही आणि गुणही.) तर ताई, ओळखीनं आत जाता येतं, पण आत जाऊन शब्द जिवंत होत नाही.

मात्र उलटा प्रवासही असतो आणि तो आपल्याकडे फार झालाय: आधी कोश, मग लोक. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा त्यातला सगळ्यात जुना मोठा प्रयत्न. कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे, असं ते काम, आणि ते रघुनाथपंत हणमंत्यांकडे सोपवलं होतं. पुढे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी भाषाशुद्धीचा झेंडा उचलला. महापौर, दिनांक, क्रमांक, हुतात्मा हे शब्द त्यांच्या खात्यावर मांडले जातात. १९६०नंतर राज्याच्या भाषा संचालनालयानं पदनामांचे, परिभाषांचे कोशच्या कोश काढले. यातले पुष्कळ शब्द टिकले, पुष्कळ नुसते छापले गेले, आणि काही मधल्यामध्ये लटकले. ‘दिनांक’च घ्या. शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या पावतीपर्यंत ‘दि.’ आहेच आहे. पण ‘आज दिनांक काय?’ असं तुम्ही यजमानांना कधी विचारलंत? तिथं तारीखच. ‘भ्रमणध्वनी’ लग्नपत्रिकेच्या तळाशी आणि कचेऱ्यांच्या पत्रशीर्षावर राहतो, तोंडात मोबाइल. महाराजांच्या पाठिंब्यानं कोश झाला तरी आज आपण अर्जच करतो आणि पोरांचं दप्तरच भरतो. याउलट ‘हुतात्मा’. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबारात माणसं गेली तेव्हा त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न लोकांपुढे खराखुरा उभा होता, आणि शब्द तयार होता. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. आता तो शब्द कोणी घडवला हे कितीजणांना आठवतं?

म्हणजे मराठीत दोन जातीचे घडीव शब्द दिसतात. एक लेखी, ज्यांना शासनानं कागदावर बसवलं आणि जे तिथून उठून तोंडात यायला तयार नाहीत. दुसरे तोंडी, तुमच्यासारखे, जे घरात धावतात पण ज्यांची कागदावर खूणही नाही. कोशाला पहिले दिसतात, दुसरे दिसत नाहीत. अन्याय आहे, पण मला विचाराल तर मी दुसऱ्या पंगतीत बसणं पसंत करीन. तोंडातला शब्द कागदावर आणणं हे कष्टाचं काम असेल, पण जमण्यासारखं आहे. कागदावरचा तोंडात आणणं भल्याभल्यांना जमलेलं नाही.

आणि आता जाऊबाई. तुमच्या सबंध पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही तक्रार म्हणून शेवटी लिहिलीत.

जो शब्द फक्त त्याच्या कर्त्यानं ठरवलेल्या रूपातच म्हटला जातो तो अजून पाहुणा असतो. मराठीत राहायचं तर शब्दाला लिंग लागतं, अनेकवचन लागतं, सामान्यरूप लागतं, वर प्रत्यय झेलावे लागतात. ‘उंबरगप्पांनी दूध उतू गेलं’, ‘उंबरगप्पांत एसटी चुकली’, ‘उंबरगप्पा आवरा आता’. बघा, कुठंही अडत नाही, कारण गप्पांच्या सगळ्या वाटा आधीच मळलेल्या आहेत. मारणं, रंगणं, झोडणं ही क्रियापदंही त्याला आयती मिळाली. सरकारी प्रतिशब्दांचं घोडं पुष्कळदा इथंच अडतं. ‘भ्रमणध्वनी’ला ‘वरून’ लावून ‘भ्रमणध्वनीवरून’ म्हणून बघा, वाक्य संपेपर्यंत समोरच्यानं फोन ठेवलेला असतो.

जाऊबाईंनी याच्याही पुढची मजल मारली. गप्पांवरून गप्पिष्ट होतं, तर उंबरगप्पांवरून उंबरगप्पिष्ट का नको? हे त्यांनी तुम्हाला न विचारता केलं, यातच सगळं आलं. तुमचा शब्द त्यांच्या डोक्यात इतर मराठी शब्दांच्या रांगेत जाऊन बसला आणि त्याला इतरांसारखाच प्रत्यय लागला. पोरांचं ‘उंबऱ्या मारणं’ तर त्याहून पुढचं. शब्द रोजचा झाला की तोंड त्याला छाटतं, लांब शब्द रोज कोण म्हणणार? त्यांना हटकू नका. कोशात कोणतं रूप जाईल ते कोणीच आज सांगू शकत नाही. कदाचित ‘उंबऱ्या’च जाईल आणि ‘उंबरगप्पा पाहा’ एवढीच तुमची नोंद राहील, किंवा उलट. यजमानांची मात्र मला काळजी वाटते. एखाद्या शब्दाचं पहिलं उदाहरण म्हणून कोशात अमर व्हायला मिळावं, आणि तेही या शब्दासाठी!

नावाचं विचारलंत. कोशात क्वचित व्युत्पत्तीच्या कंसात कर्त्याचं नाव येतं, पण त्यातही घोटाळे होतात. ‘रोबोट’ शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या नावावर जगभर सांगितला जातो, कारण तो त्याच्या १९२० सालच्या नाटकात आला. कारेलला त्या कृत्रिम मजुरांसाठी ‘लाबोरी’ असा शब्द सुचला होता, पण तो त्यालाच पुस्तकी वाटत होता. भाऊ योसेफ चित्रकार. तो चित्र रंगवत होता. कारेलनं त्याला अडचण सांगितली, तर तोंडात धरलेला ब्रश न काढताच तो पुटपुटला, ‘मग रोबोट म्हण त्यांना.’ चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी. हे सगळं खुद्द कारेलनंच १९३३ साली वर्तमानपत्रात लिहून श्रेय भावाला देऊन टाकलं. तरी आजही पुष्कळ ठिकाणी नाव कारेलचंच. तुमच्या बाबतीत ते श्रेय जाऊबाईंकडे जाण्याची शक्यता आहे, मनाची तयारी ठेवा.

नोंदणीचा विचार तर सोडूनच द्या. एकट्या शब्दावर स्वामित्वहक्क मिळत नाही. व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येतो, पण ते माल किंवा सेवा विकणाऱ्यांसाठी. तुम्ही काय उंबरगप्पा नावाचं लोणचं काढणार आहात? आणि समजा नोंदवलात. मग प्रत्येक बोलणाऱ्याला अडवत बसायचं? झेरॉक्स हा मुद्दाम घडवलेला, कंपनीच्या मालकीचा शब्द. त्याचा असा सर्रास वापर करू नका म्हणून कंपनीनं जाहिराती दिल्या. तिकडे कुठल्याही तहसील कचेरीबाहेर जा, दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर लोक झेरॉक्स काढतायत. शब्द ढापला जाणं ही तुम्हाला भीती वाटते. मला विचाराल तर तेवढी एकच गोष्ट घडायची राहिली आहे.

तर करायचं काय? लिहा. पण शब्दाविषयी लिहू नका, शब्द घालून लिहा. स्थानिक दैनिकाला पाठवलेलं पत्र, दिवाळी अंकासाठी लेख, एखाद्या स्मरणिकेतलं टिपण, जे हाती लागेल ते. शब्दाला अवतरणचिन्हं लावू नका आणि पुढे कंस करून अर्थ देऊ नका. अवतरणचिन्हात शब्द ठेवला की वाचणारा तो तुमचा म्हणून लांबून बघतो. वाक्यच असं करा की अर्थ निसटणार नाही, कारण तुमच्या शब्दात एक खोट आहे: उंबर म्हणजे औदुंबरही. ‘दत्ताच्या देवळाबाहेर उंबरगप्पा रंगल्या’ असं लिहिलंत तर लोक झाडाखाली जाऊन बसतील. चप्पल, जिना, दाराची कडी असं काहीतरी जवळपास ठेवा. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत जिन्यातल्या बोलण्यावरून भांडणं होतात. तिथल्या फलकावर ‘रात्री दहानंतर जिन्यात उंबरगप्पा मारू नयेत’ अशी सूचना लागली तर दहा लेखांचं काम होईल. नव्या घरांतून उंबरा गेलाय, माणसं आता लिफ्टचं दार पायानं अडवून बोलतात, याची फिकीर करू नका. पानसुपारीच्या समारंभात पान मिळेनासं झालं तरी नाव पानसुपारीच राहिलं.

आणि इतरांच्या लिखाणावर डोळा ठेवा. तुमच्या घराशी संबंध नसलेल्या कोणी हा शब्द छापलेला दिसला तर कात्रण काढा, वर तारीख, अंक आणि पान लिहा. पुतण्याला किंवा भाच्याला संगणकावर शोधायला लावा. अशी दोन-चार कात्रणं साठली की त्या संस्थेला तिसरं पत्र पाठवा. त्यात तुमचं नाव खाली, बारीक अक्षरात.

या सदरात मी तुमचा शब्द पुष्कळदा लिहिला, पण हे पान कात्रणांत धरू नका. मी इथं शब्दाविषयी बोललोय. कोशकाराच्या हिशोबी तो वापर नव्हे, नुसता उल्लेख. शिवाय मी तुमचं पत्र वाचून लिहितोय, म्हणजे साक्षीदार फितवलेला. जाऊबाई कोणाला पत्रंबित्रं लिहितात का, ते विचारून बघा.